१९७१ च्या ब्लॅकआऊटमधला राक्षसपट, बजेट तीन लाख: राक्षस दाखवू की झाकू?

कादवाकाठ (निफाड)

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातला. नाशिकमध्ये लग्नाची शूटिंग करतो, एडिटिंगही माझंच. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे तेवढा महिना हात मोकळे असतात, आणि यंदाच्या पौषात मला चाळीस मिनिटांचा एक राक्षसपट करायचाय. भुताचा सिनेमा नव्हे. ज्याला अंग आहे, वजन आहे, जे चाललं की ऊस मोडतो आणि मागे ओल राहते, असं जनावर.

काळ डिसेंबर १९७१. ३ तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्धाला तोंड फुटलं. गोष्टीतलं गाव कादवेच्या काठचं, ओझरच्या मिग कारखान्यापासून फार लांब नाही. कोतवाल दवंडी देतो: रात्री कंदील, चूल, शेकोटी, काही म्हणजे काही बाहेर दिसता कामा नये. उसाची तोड चालू आहे, तोडकऱ्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) फडाच्या कडेला पडल्यात, वर निफाडची डिसेंबरातली थंडी. त्या लोकांनी शेकोटीशिवाय रात्र काढायची. फडाला लागून जुनी मोटेची विहीर आहे. तिच्यात जे काही आहे ते विस्तवाला भितं, म्हणून आजवर वर आलेलं नाही. दवंडी होते त्या रात्री ते वर येतं.

आजीकडून विहिरीतल्या गिऱ्ह्याच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. तिच्या गोष्टीत गिऱ्ह्याला रूप नसायचं, तो फक्त पाय धरून ओढायचा. मला त्याला रूप द्यायचंय.

बजेट तीन लाख. जेवण, गाड्या, जनरेटर यातच निम्मे जातील. कॅमेरा घरचा आहे, अंधारात चांगलं काम करतो. कलाकार म्हणजे मित्र आणि तालुक्यातले नाटकवाले, मानधन न घेता येतायत. कॉम्प्युटरवर राक्षस करून द्यायचा भाव एका ठिकाणी विचारला, तर तो आकडा माझ्या अख्ख्या सिनेमाहून मोठा निघाला.

तर विचारायचंय ते असं. राक्षस अंगात घालायचा पोशाख करून दाखवू, की शेवटपर्यंत झाकून ठेवू? एक विमानसुद्धा परवडत नाही, मग युद्ध कसं दाखवू? आणि दिवाच लावायचा नाही अशा गोष्टीत माणसांचे चेहरे दिसणार कसे? मला हे मनापासून चांगलं करायचंय. आमच्या भागात घडणारा असा सिनेमा मी तरी अजून पाहिलेला नाही.

पिक्चरवेडा (सिडको, नाशिक)

भावा, विषय जबरदस्त. कॉम्प्युटरला इतक्यात नाही म्हणू नकोस. जपानचा 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) बघ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुरू होतो, खर्च हॉलिवूडच्या मानाने किरकोळ, आणि इफेक्टचं काम जेमतेम ३५ जणांनी केलं, ६१० शॉट. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्टचा प्रमुख. २०२४ मध्ये त्याच कामाला ऑस्कर मिळालं. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, यूट्यूबवर सगळं शिकता येतं. चार-पाच शॉटपुरता राक्षस तू स्वतः करू शकतोस. आणि अर्धवट झाकून ठेवलास तर लोक शिव्या घालतील. राक्षस बघायला आलेल्या माणसाला राक्षस दिसलाच पाहिजे.

रंगपेटी (जुनं नाशिक)

कादवाकाठ भाऊ, मी रंगभूषा करते. राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं, शाळांची गॅदरिंगं, मुखवटे, दाढ्या, जखमा. कालिदास आणि सायखेडकर नाट्यगृहांच्या मेकअप रूममध्ये आयुष्य गेलं. तुमची गोष्ट वाचली आणि दुपारची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण यात एक फार मोलाची गोष्ट तुमच्या हाताला लागलीय आणि ती निसटायला नको.

राक्षस दाखवायचा की झाकायचा हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघायचं की युद्ध काढून घेतलं तर राक्षस उरतो का. बऱ्याच युद्धातल्या राक्षसपटांत युद्ध नुसतं कपड्यांपुरतं असतं. गणवेश, बंदुका, खंदक, आणि मग कुठलं तरी जनावर. तेच जनावर आजच्या काळात एखाद्या बंगल्यात सोडलं तरी गोष्ट तीच राहते. तुमच्याकडे तसं नाही. विस्तव लावला तर विमानाला दिसण्याची भीती, नाही लावला तर विहिरीतलं वर येणार. दोन्ही भीतींची किल्ली एकच, काडेपेटी. माणसाच्या खिशात काडेपेटी आहे आणि ती ओढायची नाही, एवढ्यावर चाळीस मिनिटं उभी राहतात. म्हणून माझी हात जोडून विनंती, राक्षस कुठून आला याचं स्पष्टीकरण देऊ नका. बॉम्बमुळे जागा झाला, कारखान्याच्या सांडपाण्यातून आला, शत्रूने सोडला, असलं काही नको. तो विहिरीत होताच. विस्तव विझला म्हणून आला. बस.

आता चंद्र. हे तुम्ही बघितलंय का माहीत नाही, पण त्या वर्षीचं पंचांग तुमच्यासाठीच लिहिलंय असं वाटावं. मार्गशीर्ष पौर्णिमा होती २ डिसेंबरला, म्हणजे युद्ध सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी. अमावस्या १७ डिसेंबरला. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि पश्चिमेच्या आघाडीवर युद्ध थांबलं ते १७ तारखेच्या रात्री आठ वाजता. म्हणजे पहिल्या रात्री, दिवे मालवलेले असले तरी, अंधार पडतो न पडतो तोच चंद्र वर आलेला. अंगणात माणूस ओळखू येईल इतका उजेड. मग रोज चंद्र सुमारे पाऊण-एक तास उशिरा. अष्टमीच्या सुमाराला मध्यरात्रीपर्यंत नुसता काळोख. आणि शेवटी चंद्रच नाही. पहिल्या रात्री राक्षसाला वर यायला काही मिनिटंच मिळतात, शेवटच्या रात्री अख्खी रात्र त्याची. ही चढण तुम्हाला लिहावी लागणार नाही, ती आकाशातच आहे. गावातला एखादा म्हातारा भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून आज चंद्र कधी उगवणार ते सांगतोय, एवढं दाखवलं की प्रेक्षक स्वतः मोजायला लागतो.

चेहऱ्यांचं उत्तरही यातच आहे. पहिल्या अर्ध्यात चंद्राचा उजेड वापरा: एकच दिवा, उंचावर, माणसांच्या मागून, आणि समोरून पांढऱ्या चादरीवरून परतून आलेला अगदी थोडा. तोपर्यंत प्रेक्षकाला माणसं आवाजाने, चालीने, डोक्यावरच्या पटक्याने ओळखू यायला लागली पाहिजेत. दुसऱ्या अर्ध्यात उजेड फक्त घराच्या आत, घोंगडीने खिडकी बंद केलेली, कंदिलाची वात इतकी खाली की निम्माच चेहरा. बाहेर मग फक्त आवाज. तुमचे नाटकवाले आहेत ना, त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. त्यांना कुजबुजायला शिकवा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागेल.

आता राक्षस. पिक्चरवेडा म्हणतात तो दिसलाच पाहिजे, आणि ते माझंही मत आहे. पण कसा ते सांगते.

आपण नाशिककर आहोत. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी याच गावात कंपनी चालवली. पहिल्या महायुद्धात त्यांना पैसे पुरवणाऱ्यांनी हात आखडते घेतले होते, तरी माणूस थांबला नाही. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा 'कालिया मर्दन' १९१९ चा. त्यात कृष्ण झालीय त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी, आणि पाण्याखाली कालियाशी झुंज आहे. तो सिनेमा बराचसा शिल्लक आहे, जरूर बघा. नाग खोटा आहे हे आज कुणालाही कळतं. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. आणि मजा म्हणजे सुरुवातीला फाळके तिचे नुसते हावभाव दाखवतात, वेगवेगळे, एकामागून एक, आणि मगच ती कृष्ण होते. आधी चेहऱ्यावर विश्वास बसवला, मग नाग आणला. तुमच्या सिनेमात तोडकऱ्याचं एखादं पोर असेलच. पहिली पाच मिनिटं त्याला द्या.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली, पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा. मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून पाहिलाय. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मोठाले मुखवटे, सांबळ वाजतंय, पिपाणी वाजतेय, टेंभे पेटलेले, आणि सोंग नाचत पुढे येतं. मुखवट्याचा डोळा हलत नाही, तोंड हलत नाही. हलतो तो टेंभ्याचा उजेड. तो गालफडावरून सरकला की ते तोंड आता आपल्याकडे बघतंय असं वाटतं. मी मामाच्या डोक्याला घट्ट मिठी मारली होती. रबरी तोंडात मोटार घालून पापण्या हलवण्यापेक्षा एक हलता विस्तव शंभर पटीने कामाचा. तुमचा राक्षस विस्तवाला भितो, म्हणजे तो नीट दिसणार तो विस्तवाच्याच उजेडात. मग तो पहिल्यांदा पूर्ण दिसायचा क्षण कुठला हे वेगळं ठरवावं लागतच नाही. कुणीतरी पहिल्यांदा काडी ओढतं तोच.

फक्त एक लक्षात ठेवा, बोहाड्याच्या सोंगांची पूजा होते. ती मागून आणू नका, त्यांची हुबेहूब नक्कलही करू नका. मुखवटे बनवणाऱ्या कारागिराकडे जा, गोष्ट सांगा, त्याची रीतसर मजुरी द्या आणि नवं तोंड करून घ्या. त्या हाताला जे सुचेल ते तुम्हाला-मला सुचणार नाही.

अंगासाठी बाजारात काही शोधू नका, तुमच्या शेतातच सगळं आहे. फासळ्यांना ठिबकच्या जुन्या नळ्या, गरम पाण्यात धरून वाकवायच्या आणि पाठीवर बांधायच्या पट्ट्याला तारेने आवळायच्या. वर गादीवाल्याकडचा फोम, ओबडधोबड फाडलेला, कापलेला नको, कापलेली कड लगेच कळते. त्यावर बारदान. नवं नको, कांद्याला वापरून विरलेलं. लॅटेक्समध्ये काळा आणि थोडा गेरूचा रंग कालवून त्यात बारदानाचे तुकडे बुडवायचे आणि एकावर एक चिकटवत जायचं. सुतळीचे धागे सुटे राहू द्या, ओले झाले की ते लोंबतात आणि शेवाळासारखे दिसतात. लॅटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो, बंद खोलीत बसू नका, आणि थंडीत ते वाळायला फार वेळ घेतं, त्यामुळे कोजागिरीच्या आत सुरुवात करा. शेवटी चिकटपणा: जवस उकळून गाळलं की जो बुळबुळीत चीक निघतो तो ब्रशने लावायचा. चंद्राच्या उजेडात त्याची चकाकी अशी येते की अंगावर काटा येईल. आणि ओल्या पोशाखातल्या मुलाला थंडीत मिनिटांपुरतंच उभं करायचं, बाजूला कोरडी घोंगडी आणि गरम पाणी तयार. यात तडजोड नको.

चालीबद्दल. माणूस वाकून चालला की पोशाखातला माणूस दिसतो. त्याला मागे मागे चालायला लावा आणि एडिटिंगमध्ये उलटं फिरवा. पाय टेकण्याची रीतच बदलते. उसातून येताना मात्र हे करू नका, ऊस आपोआप उभा राहताना दिसेल.

विहिरीसाठी एक जुना सिनेमा सांगते, १९४२ चा 'कॅट पीपल'. तोही युद्धाच्या काळातच आणि फार थोड्या पैशात काढलेला. त्यात एक मुलगी रात्री तरणतलावात उतरते आणि काठावर काहीतरी फिरतंय. दिसत काहीच नाही. भिंतीवर आणि छतावर पाण्याचा हलता उजेड, सावल्या आणि घुमणारी गुरगुर. जुन्या बांधीव विहिरीत हे आयतं मिळतं. परातीत पाणी घ्या, तळाशी आरशाचे तुकडे, वरून एक बॅटरी मारा आणि परात हलवा. तो उजेड काळ्या दगडाच्या भिंतीवर फिरू द्या. विहिरीत काय आहे ते प्रेक्षक आपलं आपण बघेल. फक्त गोष्टीत दिवे बंद आहेत, तेव्हा तो उजेड चंद्राचा वाटेल इतका मंद ठेवा, आणि चंद्र डोक्यावर असेल अशाच रात्रीला वापरा.

युद्धासाठी विमान नकोच. देवळालीच्या तोफखान्याचा सराव नाशिकरोडकडच्या लोकांना आजही ऐकू येतो. लांबून, गादीखालून आल्यासारखा धप्प आवाज. तुमच्या गावकऱ्यांना ते कळता कामा नये की हा आपला सराव, की बॉम्ब, की विहिरीकडून आलेला आवाज. तिन्हींना एकच आवाज वापरा.

ओझर टाऊनशिप

माझे वडील कारखान्यात होते, मी ७१ साली चौथीत. काही गोष्टी सांगतो, उपयोगी पडतील.

खिडक्यांच्या काचांना ब्राऊन पेपर खळीने चिकटवला होता. उद्देश दोन, उजेड बाहेर जाऊ नये आणि काच फुटली तर उडू नये. ती खळ झुरळं खायची आणि कागदाला भोकं पडायची, मग आई रात्री दिवा लावून बाहेर जाऊन बघायची कुठून किरण येतोय, आणि आत येऊन तेवढ्या भोकावर चिकटपट्टी. गाड्यांच्या हेडलाईटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. सायकलच्या डायनॅमोच्या दिव्यालाही काळा कागद. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन. शाळेच्या मैदानात इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे खंदक खणले होते, भोंगा झाला की त्यात पालथं पडायचं, कोपरं जमिनीला टेकून आणि दातांत रुमाल. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा, बायांचे चेहरे मात्र आठवतात.

आवाजाबद्दल रंगपेटी ताईंनी लिहिलं ते अगदी खरं, त्यात भर घालतो. आम्ही मिगच्या चाचणीच्या उड्डाणांवर वाढलेली पोरं. आपलं विमान कानाने ओळखायचो. त्यामुळे रात्री वेगळ्या आवाजाचं काही वरून गेलं की सगळं घर गप्प व्हायचं. तुमच्या गावातल्या पोरालाही आपल्या विमानाचा आवाज ओळखता येऊ द्या. मग एका रात्री त्याला एक आवाज ओळखू येत नाही आणि तो वर बघतो. आवाज खालून आलेला असतो.

रेडिओ विसरू नका. चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर गावात दोघा-तिघांकडेच असणार, बाकीचे त्यांच्या ओट्यावर. रेडिओला तेव्हा लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, त्याचं पुस्तक असायचं. आणि वस्तू तपासून घ्या: फ्रेममध्ये प्लॅस्टिकची घागर, निळा ताडपत्रीचा कागद, नायलॉनची दोरी दिसली की ७१ साल गेलं. तांब्याचा हंडा, जर्मनची पातेली, काथ्याची दोरी, पत्र्याचं घमेलं.

पाणवठा

दोन सूचना, दोन्ही जिवाच्या.

नांदूर मध्यमेश्वरचं पाणी आणि लव्हाळ्याची बेटं बघून तिकडे शूटिंगचा मोह होईल. ते १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि आता रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. डिसेंबर-जानेवारीत तिथे पाहुण्या पक्ष्यांची गर्दी असते. वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका, आणि रात्रीचं तर नकोच. आणि उभ्या उसात रात्री शिरताना बिबट्याचा विचार करा. निफाड-सिन्नरच्या उसात मादी पिल्लं घालते. एकट्याला फडात पाठवू नका, आधी आवाज करा, कडेच्या दोन-चार सऱ्यांतच काम उरका.

दुसरं, विहीर. जनरेटर किंवा इंजिन विहिरीच्या तोंडाशी लावू नका. धूर आत साचतो आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, वर त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा बातम्या दर वर्षी वाचतो. आत फक्त बॅटरीवरचे दिवे, पाण्यात वायर नाही, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरणारे दोघे असे की ज्यांना दुसरं काही काम दिलेलं नाही.

कादवाकाठ

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्रीच पटकथा पुन्हा मांडायला घेतली. तिथींप्रमाणे सहा रात्री निवडल्यात: तृतीया, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी, अमावस्या. प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला म्हातारा चंद्र उगवायची वेळ सांगतो.

धुक्यासाठी एक सुचलंय. द्राक्षाच्या बागेत फवारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे चुलत्याकडे. टाकी आणि नोझल दोन-तीनदा नीट धुऊन नुसत्या पाण्याची फवारणी केली तर मागून दिवा मारल्यावर धुकं छान दिसतं, मोबाईलवर करून बघितलं. आवाज फार होतो, पण संवाद नंतर टाकता येतील. जुन्या ऑइल इंजिनाचा ठोकाही मिळालाय, एका मामाकडे अजून चालू आहे. रात्रीचं पाणी भरताना लांबवर इंजिनाचा ठोका चालू असतो आणि मधेच तो बंद पडतो, हा आता माझा राक्षसाचा पहिला प्रसंग.

अडलोय शेवटापाशी. राक्षसाला संपवायला फड पेटवायचा, हे ठरलंय. पण कधी? १७ तारखेला रात्री आठला युद्ध थांबतं, रेडिओवर बातमी येते, ब्लॅकआऊट उठतो, सगळं गाव कंदील, टेंभे घेऊन विहिरीकडे धावतं आणि फड पेटवतं. अमावस्येच्या रात्री एकदम उजेडच उजेड. दिसायला फार भारी होईल. नटांनाही हाच शेवट आवडलाय.

रंगपेटी

भाऊ, दिसायला भारी होईल हे खरं, पण तो शेवट घेऊ नका.

आठ वाजल्यानंतर विस्तव फुकट आहे. बंदी उठली, भीती गेली, आता काडी ओढायला काय लागतं? चाळीस मिनिटं तुम्ही प्रेक्षकाला काडेपेटीची किंमत शिकवली आणि शेवटी ती दुकानात कुणालाही मिळते असं सांगितलं. फड आठच्या आधी पेटला पाहिजे. युद्ध चालू असताना, वरून काय जातंय माहीत नसताना.

आणि कुणी पेटवायचा याचाही विचार करा. फडाचा मालक पेटवणार नाही. जळिताचा ऊस कारखाना कापून भाव देतो आणि तोही लगेच गाळपाला गेला तर. त्याचं वर्ष जातं. पोलीस पाटील पेटवणार नाही, कारण बंदी त्यानेच सांगितलीय. या दोघांना भिंती आहेत, दारं आहेत, ते कड्या लावून बसू शकतात. कोपीत राहणाऱ्याला पाचटाची भिंत आहे. पहिल्या रात्रीपासून माणसं कोपीतलीच जातायत आणि गाव म्हणतंय, बिबट्या असेल, पळून गेली असतील, उचल घेऊन गेली. तेव्हा काडी कोपीतल्या बाईने ओढायची. मुकादमाची बायको असेल, त्या पोराची आई असेल. तिच्याकडे चूल पेटवायची काडेपेटी सगळ्या सिनेमाभर पदराच्या गाठीत बांधलेली असू द्या. दोनदा ती गाठ सोडते आणि पुन्हा बांधते, एवढं आधी दाखवा. संवाद नको.

मग फड पेटतो. राक्षस पहिल्यांदा पूर्ण दिसतो, तिच्या समोर, आणि उजेड हलतोय, म्हणजे आपलं तोंड जिवंत झालं. गाव शिट्ट्या मारतंय, विझवा विझवा ओरडतंय, तिच्यावर दगड येतायत, राक्षसावर कुणीच मारत नाहीये. बातमी त्यानंतर येऊ द्या, ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरवर, ऐकायला तिथे कुणी नसताना.

खरा फड पेटवू नका हे सांगायला नको. तोड झाल्यावर मोकळ्या रानात पाचटाच्या रांगा लावा, चारी बाजूंनी पट्टा नांगरून घ्या, पाण्याचा टँकर उभा ठेवा, शेजारच्या शेतकऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा. कॅमेरा जमिनीलगत, आणि वारा आपल्या पाठीकडून आगीकडे जाईल असा. समोर उभ्या उसाच्या दोन ओळी तोडून आणून रोवल्या की मागचं पाचट पेटलेलं अख्ख्या फडासारखं दिसतं.

पोशाख घालणाऱ्या मुलाला घेऊन या, भद्रकालीत माझं दुकान आहे, पत्ता निरोपात पाठवते. त्याच्या डोक्याचं आणि खांद्यांचं माप घ्यायचंय, आणि बारदान येताना घेऊन या. विरलेलं.